मेणातली गाठ दक्षिणेस गेली, त्याची हकीकत

श्रीगणाधीशास नमन, आणि लगोलग सूक्ष्मदर्शकासही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठ मासी एका राज्यात जे घनघोर युद्ध मांडिले, तैसे पूर्वी जाहले नाही, पुढे होणे नाही. वास्तविक तेव्हाही जाहले नाही. का जाहले नाही, तेच लिहितो.

त्या राज्यात अंधशाळेच्या शिक्षिका इंदुताई पांगारकर, वय पंचावन्न, स्वतः जन्मांध, बोटांनी ब्रेल वाचीत आणि मुलांस वाचावयास शिकवीत. त्यांचे स्तनात कर्करोगाची गाठ निघाली, ती शस्त्रक्रियेने काढिली, आणि मग दवाखान्यात दरबार भरून मसलत जाहली की, गनीम अंगात कोठे दडून असेल, तरी केमोच्या सहा स्वाऱ्या कराव्या. डॉक्टर नाईकवडे यांणी ताईंस समजाविले की केस जातील, परंतु येतील. ताई बोलिल्या, "केसांचं सोडा हो, मी कुठे आरशात बघते? बोटांचं सांगा." डॉक्टर बोलिले, "बधिर होऊ शकतात. बहुतेकांचा बधिरपणा जातो." "बहुतेकांचा," ताई म्हणाल्या. "आणि माझा नाही गेला तर? माझे डोळेच गेले की मग."

मग डॉक्टर विदित करिते जाहले की दक्षिणेस एक प्रयोगशाळा आहे, ती गाठीतील जनुके वाचून रोग परतण्याचा धोका किती ते सांगते, आणि धोका थोडा निघाला तर केमो नको. पूर्वी ऐसे वाचन विलायतेसच होई, आणि तेथील कोष्टके तेथील बायांवरून बांधिलेली; मग दक्षिणेच्या मंडळींनी आपल्याकडील बायांच्या गाठी जमवून आपले कोष्टक बांधिले.

मग दवाखान्याने मेणाच्या वडीत जपलेला गाठीचा तुकडा घेऊन ताईंची धाकटी बहीण शकूताई कुरिअरवाल्याकडे रवाना जाहली. त्याणे पुशिले, "आत काय?" "ताईच्या गाठीचा तुकडा." "म्हणजे मांस? आम्ही नॉनव्हेज घेत नाही." "अहो, मेणात आहे!" "मेणात घातलं म्हणून काय उपासाचं झालं?" मग शकूताईंनी पदर खोचिला, आणि वडी डब्यात घालून, डबा मांडीवर घेऊन, दोन गाड्या बदलून स्वतःच दक्षिणेस पोचत्या जाहल्या.

सतरा दिवस दरबार तिष्ठला, आणि मग निकाल आला की धोका थोडा, केमोची गरज नाही. नाईकवडे यांणी तो मोठ्याने वाचिला, ताईंनी पुन्हा वाचावयास लाविला, आणि तिसऱ्यांदा शकूताईंस लाविला, आणि "रडतेस काय, नीट वाच," ऐशा रागेजल्या.

येथे लिहिणार त्या अनोळखी बायांस मुजरा करितो, ज्यांणी आपल्या गाठी तपासास दिल्या. त्यांतील कित्येक आता नाहीत, आणि त्यांजमुळे एका बाईची दहा बोटे शाबूत राहिली. त्यांची नावे दफ्तरी नाहीत, नंबर आहेत.

सारांश, स्वारी रद्द जाहली. गनीम परतू नये म्हणून पहाऱ्यास हार्मोन रोखणारी गोळी रोज एक, जेवणानंतर, पाच वर्षे.