सत्तर टक्क्यांवरचा हणमंत

डिझाइनचं सॉफ्टवेअर सुरू होताना थिजलं की समोर बसलेला माणूसही थिजतो, आणि ते पुढे सरकलं की तोही हलतो. आमच्या कराडच्या पेठेत याचं कुणाला नवल नाही. चहा झाकून ठेवतात आणि थांबतात. शेजारच्या पत्रिकावाल्याचा माणूस गेल्या वर्षी ऐन शिंकेत थिजला. चाळीस मिनिटांनी शिंक पुरी झाली. मालकाने रुमाल आधीच धरून ठेवला होता.

म्हणून गुरुवारी सकाळी माझा डिझायनर हणमंत चौगुले माउसवर हात ठेवून थिजला तेव्हा मी काही उठलो नाही. तासाभराने बाजूने डोकावलो. स्क्रीनवर होतं, ‘मागची फाइल उघडत आहे, सत्तर टक्के’. मागची फाइल कोणती, ते मला ठाऊक होतं.

त्याचं असं झालं. मी सहावी शिकलेला माणूस, धंदा मला गिऱ्हाइकांनी शिकवला. फ्लेक्सच्या धंद्याचा पहिला नियम असा, की दिवसाची भवानी श्रद्धांजलीच्या कामाने करायची नाही. त्या दिवशी सकाळीच एकजण तेच काम घेऊन आला. मी हणमंतला म्हटलं, आधी तुझ्याच वाढदिवसाचा एक छोटा फ्लेक्स काढ, मग ह्यांचं घे. वाढदिवस नव्हता, पण सगळे दुकानदार असं करतात. हणमंतने नेहमीसारखी जुनी फाइल घेतली, दूधवाल्या आबांच्या श्रद्धांजलीची. आधी फोटो बदलायचा, मजकूर मागाहून, ही आमची रीत. हारात आबांच्या जागी त्याने स्वतःचा फोटो बसवला, सेव्ह केलं, मथळा बदलायला घेतला आणि वीज गेली. वीज आल्यावर त्याने सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं.

मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या गृहस्थाने किती टक्के, पापणी लवते का, अंग कोमट आहे का, ते विचारून घेतलं. मग म्हणाला, फाइल पाच वाजता उघडेल, ते थांबवता येत नाही. तिच्यात जे लिहिलेलं असेल ते माणसाला लागू होईल, आणि मग त्यात बदल नाही.

मी विचारलं, “तोवर काही करता येतं का, साहेब?”

“थिजलेलं असताना दाबलेल्या कळा आत साठतात, उघडताना मजकुरात उतरतात. फक्त समोर बसावं लागतं, आणि बसणारा पायापासून थिजत जातो. तक्रार क्रमांक लिहून घेता?”

मी लिहून घेतला.

हणमंतची बायको पद्मिनी अंगणवाडीतून तशीच आली. तिने त्याच्या मानेला हात लावून पाहिला आणि स्वतः बसायला निघाली. पण आमच्या जुन्या मराठी फाँटमध्ये कुठल्या कळेत कुठलं अक्षर, हे हणमंत आणि मी सोडून कुणाला येत नाही. मी तिला माझा गुडघा सांगितला, शुगर सांगितली, चष्मा घरी राहिल्याचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“अप्पा, खोटा वाढदिवस तुम्ही काढायला लावलात,” ती म्हणाली. “आता खरा करून द्या. बसा.”

साडेचारला आम्ही हणमंतला खुर्चीसकट बाजूला सरकवलं आणि मी बसलो. गारवा घोट्यातून गुडघ्यात आला. दोन बोटांनी ‘वाढदिवसाच्या’ टाइप केलं. स्क्रीनवर काही उमटत नव्हतं, चुकलं तरी कळणार नव्हतं. ‘हार्दिक’ला कंबर गेली. ‘शुभेच्छा’ संपेपर्यंत कोपर बधिर झालं. मथळ्याखाली आणखी एक ओळ असते हे मला आठवलं, आणि बोट तिकडे जाता जाता तिथेच राहिलं.

पाच वाजता फाइल उघडली. हणमंतने आळस दिला आणि चहा मागितला. पद्मिनी आधी रडली, मग त्याला खूप बोलली. फ्लेक्सवर हारातला हणमंत, वर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’, एकही चूक नाही. खाली आबांची ओळ तशीच होती. ‘दशक्रिया विधी : रविवारी सकाळी आठ वाजता, कृष्णाघाट.’

मी ती खोडून पाहिली. खोडली गेली नाही. मदत केंद्राने तक्रार क्रमांक विचारला आणि तक्रार निकालात निघाल्याचं कळवलं.

हणमंतने ओळ दोनदा वाचली. “अप्पा, मी स्वतः यायचं, की फोटो चालेल?”

मी म्हटलं, दोन्ही नेऊ.

रविवारी गुरुजींनी पिंड मांडला. शेजारी हणमंत नव्या शर्टात बसला, आणि पद्मिनीने त्या शर्टाचं टोक मुठीत धरलं. कावळे आले. एक पिंडापर्यंत उड्या मारत आला, हणमंतकडे पाहू लागला आणि तिथेच थांबला. अकरा वाजले, बारा वाजले.

“कावळा शिवत नाही,” गुरुजी म्हणाले. “काही इच्छा राहिली असेल तर सांगा. पुरी करतो म्हटलं की शिवेल.”

“पुष्कळ राहिल्यात,” पद्मिनी म्हणाली. “एकही सांगणार नाही.”

हणमंतने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या घरचा विधी बाजूच्या पायरीवर घेतला.