नागोजीरावांची शिंक

आमच्या शेजारच्या फाटकावर अधूनमधून एक पुठ्ठा लटकायचा. त्यावर वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत लिहिलेलं असायचं, 'शिंक चालू आहे. बेल मारू नका.'

मी सांगलीहून म्हैसूरला नवीन आले होते. शाळेत गणित शिकवायची नोकरी होती आणि सरस्वतीपुरममध्ये भाड्यानं घर घेतलं, तर शेजार चक्क मराठी निघाला. पुठ्ठा वाचून मला वाटलं, म्हातारं माणूस सर्दीनं बेजार झालेलं दिसतंय. मी सुंठ आणि गवती चहा घालून काढा केला, थर्मासमध्ये भरला आणि बेल मारली.

आतून आरोळी आली, "अय्यो! कोण ते? वाचायला येत नाही काय?"

दार उघडलं कमलाकाकूंनी. तोंडावर बोट ठेवून त्यांनी मला आत घेतलं. आतल्या खोलीत पंखा बंद होता, म्हणून बनियन घामानं भिजलेले एक गृहस्थ कॉम्प्युटरसमोर श्वास रोखून बसले होते. कॉम्प्युटरमधून निघालेली वायर काडेपेटीएवढ्या एका प्लेअरमध्ये गेली होती, आणि तो प्लेअर घडी घातलेल्या रुमालावर तान्ह्या बाळासारखा निजवलेला होता.

"कॉम्प्युटरमधली गाणी त्या डबीत भरतात," काकू कुजबुजल्या. "त्याला शिंक म्हणतात म्हणे. ती होईपर्यंत घरात मिक्सर लावायचा नाही. फ्रिजसुद्धा बंद."

इंग्रजी 'सिंक'ची या घरात शिंक झाली होती. ती आटोपल्यावर नागोजीराव बाहेर आले. सर्दी नव्हतीच, पण काढा त्यांनी पिऊन टाकला. "आणलाय तर फुकट का घालवायचा?" आणि त्या दिवसापासून मला त्यांनी टीचर म्हणायला सुरुवात केली.

नागोजीराव माने. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावरून आले आणि इथलेच झाले. हे स्वतः मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात यंत्रांवर काम करून रिटायर झाले. घरात मराठी, पण अशी की निम्मं वाक्य कन्नडमध्ये जाऊन कॉफी पिऊन परत यायचं. 'स्वल्प थांबा' म्हणजे जरा थांबा, आणि 'आमेले बोलू' म्हणजे नंतर बोलू, एवढं मी पहिल्या आठवड्यातच शिकले, कारण ही दोनच वाक्यं मला सारखी ऐकायला मिळत होती.

त्या कॉम्प्युटरमध्ये त्यांचं सारं आयुष्य होतं. तरुणपणापासून जिथं जातील तिथं टेपरेकॉर्डर घेऊन जायचे. दसऱ्याचा बँड, देवळातला नागस्वर, सरगूरला झालेल्या बहिणीच्या लग्नातली सनई. त्या सनईत मधेच कोणीतरी जोरात खोकतं.

"हा खोकला काढता येतो की," मी एकदा म्हणाले.

"का काढायचा?" ते दुखावले. "खोकला पण त्याच दिवसाचा आहे, टीचर."

वायरीशिवाय शिंक करायला ते तयार नसत. "हवेतनं आलेलं हवेतच जातं." आणि त्यांची सगळ्यात मोठी भीती म्हणजे पडद्यावर येणारा एक प्रश्न. प्लेअर जोडला की कधीकधी कॉम्प्युटर विचारायचा, या यंत्रावरचं सगळं पुसून नव्यानं भरायचं का? हा प्रश्न आला की नागोजीराव चष्मा पुसत, पाणी पीत आणि एकदा देवघराकडे बघत. कारण एकदा 'हो' म्हटल्यावर सगळं पुसलं गेलं होतं आणि भरलं मात्र काहीच नव्हतं. दोन दिवस ते कोणाशी बोलले नव्हते.

हे सगळं मी माहेरी फोनवर रंगवून सांगायची आणि आई हसायची.

मग एके दिवशी नागोजीराव भाजी आणताना रस्त्यातच खाली बसले. तपासण्या झाल्या. हृदयाच्या तीन नळ्या बंद होत्या. डॉक्टर म्हणाले, उशीर नको, बायपास करून टाकू. मुलगी परदेशात. तिला तिकीट मिळालं, पण ती ऑपरेशन झाल्यानंतरच पोचणार होती. म्हणून गाडी मी चालवायची ठरलं.

डॉक्टरांनी काकूंना बजावून सांगितलं होतं, ह्यांना त्रास द्यायचा नाही, चिडू द्यायचं नाही, धावपळ नको. तर ह्या माणसानं तो सगळा आठवडा काय करावं? रोज संध्याकाळी काकूंना ढकलून देवळात पाठवायचं, दार लावायचं, आणि फाटकावर पुठ्ठा.

"माझ्यासाठी नवस कर जा," असं म्हणून पाठवायचे. काकूंना ते खरं वाटायचं. जन्मात कधी नवस न बोललेला माणूस नवस बोलायला सांगतो म्हणजे आतून घाबरलाय, असं त्या मला म्हणाल्या आणि माझ्या जिन्यातच रडल्या.

ॲडमिट व्हायच्या दिवशी सकाळी मी गाडी फाटकासमोर लावली. पाहते तो पुठ्ठा!

आत काकू बॅग घेऊन उभ्या. हातात रिपोर्टांची पिशवी, कपाळावर आठ्या.

"बघा की ओ टीचर. उठा म्हणते तर उठत नाहीत."

"स्वल्प थांब," आतून आवाज. "थोडंच राहिलंय."

हॉस्पिटलमधून फोन आला. पेशंट निघाले का, तपासण्या बाकी आहेत, आज वेळेत आला नाहीत तर उद्याची वेळ दुसऱ्याला द्यावी लागेल. मी 'निघालोच' असं सांगून आत गेले.

"काका, उठा. परत आल्यावर करा हे."

"परत आल्यावर काय उपयोग?" ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. त्यांच्या ओठांवर घाम होता. किती भरलं ते दाखवणारी पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली होती.

आणि करंट गेला.

पडदा काळा झाला. खोलीत एवढी शांतता झाली की रस्त्यावरच्या फुलवालीचा आवाज आत आला. नागोजीराव दोन्ही हात टेबलावर ठेवून तसेच बसून राहिले. मग त्यांनी उजवा हात हळूच छातीवर नेला.

"काय होतंय?" काकू किंचाळल्या. बॅग खाली पडली. "गोळी! जिभेखालची गोळी कुठाय?"

मी गोळी शोधली, त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून बसले. नाडी कशी मोजायची ते मला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी धरून ठेवायला हवं होतं. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि एकदम त्यांचा बांध फुटला.

"चाळीस वर्षं त्या डबड्यात बसलात. मी बोलले तर आमेले, जेवायला बोलावलं तर आमेले. आज जीव जायची वेळ आली तरी तेच? माझं काही नाही वाटत काय तुम्हाला?"

नागोजीरावांनी डोळे उघडले. काकूंकडे बघत राहिले फक्त.

मी म्हणाले, "ॲम्ब्युलन्स बोलावते."

"नको. कमी झालं." आवाज खोल गेला होता. "टीचर, करंट आला तर एकदाच बघतो. नाही आला तर तसाच चलतो. शपथ."

त्यांना धरून उठवणार, एवढ्यात करंट आला. मी कॉम्प्युटर लावला. वायर मीच जोडली. आणि पडद्यावर तोच प्रश्न. सगळं पुसून नव्यानं भरायचं का?

नागोजीरावांनी देवघराकडे बघितलं नाही. पाणी मागितलं नाही. "मारा," म्हणाले. मी 'हो' मारलं.

पट्टी पहिल्यापासून सुरू झाली. फोन परत वाजायला लागला. काकूंनी तो उचलून कानाला लावला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी आयुष्यात पुष्कळ परीक्षांवर पहारा केलाय, पण एवढं जीव मुठीत धरून कुठल्याच पट्टीकडे पाहिलं नव्हतं. शेवटी ती भरली. नागोजीरावांनी वायर काढली, प्लेअर खिशात घातला आणि शहाण्या मुलासारखे गाडीत जाऊन बसले. आम्ही पोचलो तेव्हा कागद बंद करायला घेतले होते. बोलणी खाल्ली आम्ही, पण घेतलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना हिरवा झगा घालून स्ट्रेचरवर आणलं. काकूंनी कपाळाला अंगारा लावला. लिफ्टपाशी नागोजीरावांनी मला खूण केली, उशीखालून प्लेअर काढला आणि माझ्या हातात कोंबला.

"मी आत गेलो की हिला द्या. आधी नको."

दार बंद झालं. वरचा लाल दिवा लागला. मी प्लेअर काकूंच्या हातात दिला तर त्यांनी तो पालीसारखा झटकला.

"मला कशाला? त्यांचा बँड मी ऐकत बसू आता?"

"ऐका तरी," मी म्हणाले. इअरफोनची एक बोंडी त्यांच्या कानात घातली आणि एक माझ्या.

आधी खरखर झाली. मग रेल्वे स्टेशनवर घोषणा करावी तशा ताठ आवाजात, "हॅलो. हॅलो. कमल. मी बोलतोय. नागोजी." घसा खाकरला. "आता मी आत आहे. तू घाबरली असशील. सुम्मने, नुसतीच बसून राहू नको. गाणं ऐक."

आणि गाणं लागलं. मराठी भावगीत. बेळगावातल्या काकूंच्या माहेरी रेडिओवर लागायची, तसली गाणी. काकूंना ती जीव की प्राण. त्या स्वयंपाकघरात गुणगुणायला लागल्या की हा माणूस 'रडगाणं' म्हणून दार लोटून घ्यायचा, हे त्यांनीच मला तिथं सांगितलं, कानातली बोंडी दाबून धरत. "ही कुठनं मिळवली ह्यांनी?" त्यांना कळेना.

तीन-चार गाणी झाली की आवाज यायचा. "आता उठ. खाली कँटीन आहे. इडली खा, शुगरची गोळी घे. टीचरला पण विचार." आम्ही निमूट उठून इडली खाल्ली. परत गाणी. "आता पोरीला फोन करू नको. ती विमानात असेल." परत गाणी. "पाय वर घेऊन बस. सुजतात तुझे." काकूंनी चपला काढल्या आणि पाय बाकावर घेतले.

डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेच्या हिशोबानं भरलेलं होतं सगळं. वर थोडी जास्तीची गाणी. ती वेळ टळली. लाल दिवा तसाच. एक नर्स घाईघाईनं बाहेर आली, रक्ताच्या पिशव्या घेऊन आत गेली. मी विचारलं तर "नंतर सांगतील" म्हणाली. काकूंचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडत चालला होता.

शेवटचं गाणं संपलं. मग तो आवाज. आता स्टेशनवरचा नव्हता.

"कमल. इथवर पुरंल वाटतं. ह्याच्या पुढं काही भरलेलं नाही. आता मीच येतो बोलायला."

त्यानंतर कानात काहीच नव्हतं.

काकूंनी बोंडी काढली नाही. त्या दाराकडे बघत राहिल्या. मला ती शांतता सोसेना.

"परत पहिल्यापासून लावू?"

"नको. येतो म्हणाले की."

किती वेळ गेला मला सांगता यायचं नाही. शेजारच्या बाकावरची माणसं उठून गेली, दुसरी आली. काकू हलल्या नाहीत. मग दार उघडलं, डॉक्टर टोपी काढत बाहेर आले आणि कन्नडमध्ये म्हणाले, मधे थोडं रक्त थांबत नव्हतं, आता ठीक आहे, सगळं चांगलं झालं. काकूंनी मान हलवली आणि पदर तोंडात धरला.

दुसऱ्या दिवशी त्यांना भेटायला आत सोडलं. नळ्यांच्या जाळ्यात नागोजीराव निम्मे दिसत होते. काकूंना बघून ओठ हलले.

"ऐकलंस?"

"ऐकलं." काकूंनी त्यांचं पांघरूण सारखं केलं, जे सारखंच होतं. "येतो म्हणालात आणि केवढा उशीर केलात."

त्यांनी बराच वेळ दम गोळा केला.

"आत ट्राफिक होता गं."

काकू हसल्या. हसता हसता त्यांनी खुर्ची ओढली, खाटेला अगदी लावून घेतली आणि म्हणाल्या, "बोला."