टिटवीने आदेश डाउनलोड केला त्याची गोष्ट

एका जंगलात, मुलांनो, मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांकडे मोबाइल होते.

ते सिंहमहाराजांनी वाटले होते. त्याआधी जंगलात हुकूम, अर्ज, तक्रारी असं सगळं झाडांच्या पानांवर लिहीत. एक दिवस महाराजांना झाडांची दया आली. "आजपासून एकही पान तोडायचं नाही!" ते गरजले. "सगळं मोबाइलवर!" प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. पानं वाचली. झाडं मात्र एका रस्त्याच्या पाट्यांसाठी तोडावी लागली, पण तो विषय वेगळा.

खरं म्हणजे वेगळा नाही. तोच विषय आहे.

महाराजांना दोन गुहा होत्या. एक थंडीतली, एक उन्हाळ्यातली. दोन्हींच्या मधे एक उघडा माळ होता. तो ओलांडताना महाराजांच्या पंज्यांना खडे टोचायचे. दुसरा कुणी असता तर वळसा घालून गेला असता. महाराजांनी 'गुहा ते गुहा द्रुतगती मार्ग' मंजूर केला.

आणि त्याच माळावर, त्याच खड्यांमध्ये, यमू टिटवीने चार अंडी घातली होती.

तुम्हाला माहीतच असेल, टिटवी घरटं बांधत नाही. ती अंडी उघड्यावर घालते. पण अंडी दिसतात अगदी खड्यांसारखी. शिवाय तिची एक पिढीजात रीत असते. कुणी जवळ येताना दिसलं की ती अंड्यांपासून लांब पळते आणि तिथून 'टिव टिव टिटीव' असा आकांत करते. येणारा आवाजाकडे जातो. शोध शोध शोधतो. वैतागून परत फिरतो. अंडी आपल्या जागी, उघड्यावर, मजेत.

कोल्हा या युक्तीला फसतो. मुंगूस फसतं. पण रस्ता आवाजाकडे बघत नाही, तो सरळ येतो.

म्हणून यमू घुबड न्यायाधीशांकडे गेली. न्यायाधीशांनी तिचं म्हणणं ऐकलं, मान पाठीपर्यंत फिरवून विचार केला आणि आदेश तिच्या मोबाइलवर पाठवून दिला. जंगलात नेटवर्क फक्त वडाच्या शेंड्यावर यायचं. यमू शेंड्यावर बसली. मेसेजला चोच लावली.

टिंग! 'डाउनलोड पूर्ण झाले.'

यमूने आनंदाने माळावर तीन गिरक्या घेतल्या. नवरा अंड्यांवर बसला होता. त्याचं नाव दाजीबा.

"अहो, मिळाली! स्थगिती मिळाली! जिंकलो आपण!"

"पूर्ण वाचलास का आदेश?"

"वाचायचंय काय त्यात? वर मोठ्या अक्षरात 'स्थगिती' लिहिलंय! तुम्हाला आनंद म्हणून कसला तो होतच नाही."

"होतो की," दाजीबा म्हणाला. "पण मी अंड्यांवर बसलोय. हलता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच जमीन हादरली. जंगल तुडवाई खात्याचे मुख्य तुडवणारे, दणकोजी हत्ती, माळावर हजर झाले. दणकोजींचं काम सोपं होतं. जिथे रस्ता हवा तिथे जायचं आणि यायचं, जायचं आणि यायचं. जमीन सपाट होईपर्यंत. स्वभावाने मात्र फार सज्जन. मुंगी दिसली तरी 'सरका ताई' म्हणत आणि मगच पाय टाकत.

"थांबा, दादा!" यमू आडवी आली. "माझ्याकडे स्थगिती आहे!"

"अरे वा, छान," दणकोजी म्हणाले. "दाखवा."

"ही काय..." यमूने मोबाइल उघडला. वरून खाली ओढलं. काल तिथेच तर टिंग झालं होतं. तिथे आता 'बॅटरी कमी आहे' असं लिहिलं होतं.

"आत्ता तर होती!"

"असं होतं खरं," दणकोजी हळहळले. "पण खात्याचा नियम आहे, बाई. कुणी मागितला तर आदेश डोळ्याला दिसला पाहिजे. दिसला की पाय थांबला. सूर्य डोक्यावर येईपर्यंत मी तिकडे बांबू खातो. शोधा तुम्ही, सावकाश शोधा."

यमूने फोटोंमध्ये शोधलं. तिथे बगळीआत्याने रोज सकाळी पाठवलेली कमळं होती. कमळावर लिहिलेलं, 'मौन हाच खरा दागिना'. पुढचंही कमळ, पुढचंही मौन. बगळीआत्या मौनाबद्दल इतकं बोलायची की मोबाइल तुडुंब भरला होता. आदेश कुठेच नव्हता.

"टिटवी समुद्र आटवते म्हणतात," दाजीबा बसल्या जागेवरून म्हणाला.

"समुद्र सोपा असतो हो! दिसतो तरी कुठे आहे ते!"

ती खारीकडे गेली. खारीचं नाव झिपरी. जमिनीत दाणे पुरून ठेवणं हा तिचा धंदा, आणि पुरलेलं विसरणं हा स्वभाव. यमूला वाटलं, हरवलेल्या गोष्टींचा अनुभव हिला जास्त असणार.

"शोधतेस कशाला, वेडे?" झिपरी म्हणाली. "मला पुरलेला दाणा सापडला नाही तर मी दुसरा पुरते. परत डाउनलोड कर!"

यमू वडावर गेली. टिंग! खाली येऊन शोधलं. नाही. पुन्हा वर. टिंग! पुन्हा खाली. नाही. टिंग! टिंग! टिंग! आधी तिचा एकच आदेश हरवला होता. आता पुष्कळ हरवले.

"बघ, केवढा साठा झाला!" झिपरी खूश झाली. "आता काही काळजी नाही. माझी निम्मी झाडं अशीच आलीत. विसरायचं आणि वाट बघायची. उगवतं."

"आदेश उगवतो का गं?"

"पावसाळ्यापर्यंत थांबून तर बघ."

यमूचं डोकं फिरलं. सूर्य वर सरकत होता. ती तडक जांभळाखालच्या हुप्पाशेठकडे गेली. हुप्पाशेठ वानर मोबाइल दुरुस्त करायचे. दोन हातांत दोन मोबाइल, दोन पायांत दोन, आणि शेपटीत चार्जर.

"हं," मोबाइल न बघताच ते म्हणाले. "कव्हर बदलून देऊ? मोरपंखी आलंय."

"शेठ, मला आदेश हवाय! माझी पोरं जातील!"

"कव्हरने आदेश सापडतो असं नाही, पण धीर येतो. बरं, आणा इकडे." त्यांनी मोबाइल तळहातावर तोलला. "जड झालाय हो बाई हा. किती ते साठवायचं! साफ करून देतो." आणि चारही हातापायांनी त्यांनी अशी काही टकटक केली की यमूला बघूनच भोवळ आली. "घ्या! एकदम पिसासारखा! चॅट, कचरा, सगळं साफ."

"चॅटसुद्धा? अहो, त्यात घुबडसाहेबांचा मेसेज होता!"

"मग हलका कशाने झाला असं वाटतं तुम्हाला?"

आता पुन्हा डाउनलोड करायचा मार्गही बंद. घुबड न्यायाधीश दिवसा झोपतात आणि झोपेत कुणाचं ऐकत नाहीत. जागेपणी तरी कितीसं ऐकतात, पण ते जाऊ दे. यमू भिरभिरत माळावर आली तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि दणकोजी तोंड पुसत उठत होते.

"सापडला का हो बाई?"

यमूने नकारार्थी मान हलवली. दणकोजींनी सुस्कारा सोडला. "मला फार वाईट वाटतंय," ते म्हणाले आणि अगदी मनापासून वाईट वाटत असताना त्यांनी पहिला पाय उचलला. त्या पायाची सावली दाजीबावर पडली. दाजीबा हलला नाही. त्याने फक्त डोळे मिटले.

यमूला काही सुचलं नाही. काही सुचलं नाही की आपण सगळेच जे करतो तेच तिने केलं, आई करायची ते. ती भर्रकन माळाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि जीव खाऊन ओरडली, "टिव टिव! टिटीव! टिव टिव!"

पाय हवेत ठेवून दणकोजींनी तिकडे मान वळवली. "काय झालं? तिकडे काय आहे?"

"काही नाही, दादा," दाजीबा डोळे मिटूनच म्हणाला. "तिची खोड आहे ती. ओरडते तिथे कधीच काही नसतं."

यमूची चोच उघडीच राहिली.

ओरडते तिथे काही नसतं! टिंग वर वाजतं. म्हणून सगळे वरच शोधतात. आणि अंडं असतं भलतीकडे! अगंबाई, हा मोबाइल म्हणजे टिटवीच की!

मग टिटवी अंडं कुठे ठेवेल? लपवून? छे! लपवलेलं सगळेच उकरून काढतात. ती ठेवेल उघड्यावर, अगदी नजरेसमोर, खड्यांमध्ये खडा होऊन.

यमूने मोबाइल समोर धरला. पहिल्याच पानावर, टॉर्च आणि गणकयंत्राच्या मधे, एक साधं चौकोनी चित्र होतं. मोबाइल मिळाल्या दिवसापासून ते तिथेच होतं. रोज दिसत होतं, म्हणून कधी दिसलंच नव्हतं. खाली लिहिलेलं, 'फाइल्स'. तिने चोच लावली. आत 'डाउनलोड्स'. त्याला चोच लावली.

आणि तिथे, मुलांनो, एकाखाली एक, सगळेच्या सगळे आदेश ओळीने उबत पडले होते!

यमूला हसू की रडू झालं. ती "सापडला!" म्हणून ओरडणारच होती. पण या वेळी, आयुष्यात पहिल्यांदाच, तिने आदेश शेवटपर्यंत वाचला.

'सदर माळावरील तुडवाईस आज सूर्यास्तापर्यंत स्थगिती देण्यात येत आहे. सूर्यास्तानंतर तुडवाई पूर्णपणे कायदेशीर समजावी. तिला टिटवीने अथवा टिटवीच्या वतीने इतर कोणीही हरकत घेऊ नये.'

यमूने पुन्हा वाचला. अक्षरं तीच राहिली.

'आज' म्हणजे कालचा दिवस. तो केव्हाच मावळला होता. काल माळावर ती जिंकल्याच्या गिरक्या घेत होती तेव्हाच ती हरत होती. आता हा आदेश दाखवला तर दणकोजींचा उचललेला पाय अगदी नियमाने खाली येणार होता. टिटवीच्या वतीने कुणी रडायचंसुद्धा नव्हतं.

"सापडला का हो?" दणकोजींनी पुन्हा विचारलं. पाय हवेत ठेवून त्यांना पेटके येत होते.

यमूने मोबाइल पंखाखाली घेतला. डोळे पुसले. मग ती माळाच्या आणखी लांबच्या कोपऱ्यात गेली आणि तिथून म्हणाली, "दादा, या मोबाइलमध्ये कुणाला कधी काही सापडलंय का?"

"ते मात्र खरं," दणकोजी म्हणाले.

"तुमचा तरी सापडतोय का?"

"माझा काय?"

"तुडवायचा आदेश. कुणी मागितला तर डोळ्याला दिसला पाहिजे ना? मी मागतेय. दाखवा."

"आहे की! परवाच वडाच्या शेंड्यापर्यंत सोंड उंचावून डाउनलोड केलाय!" दणकोजी म्हणाले. सोंडेने मोबाइल काढायचा म्हणजे तोल सांभाळायला हवा. म्हणून त्यांनी उचललेला पाय मागे घेतला आणि मागच्या मागे, जिथून आले होते तिथेच, टेकला.

दाजीबाने एक डोळा उघडला.

दणकोजींनी वरून खाली ओढलं. "आत्ता तर होता..."

सोंड ओली होती. मोबाइल ओल्या सोंडेला दाद देईना. त्यांनी ती पुसली. वरून खाली ओढलं. खालून वर ओढलं. मोबाइल हलवून बघितला. त्यांच्याकडेही बगळीआत्याची कमळं निघाली.

"परत डाउनलोड करा!" माळाच्या कडेने झिपरी ओरडली. मदत करायला ती धावतच आली होती.

"द्या इकडे, साफ करून देतो!" हुप्पाशेठही आले. "बापरे, केवढा जड! हत्तीच्या मानाने योग्यच आहे म्हणा. कव्हर बदलायचंय का?"

"टिव टिव! फोटोंमध्ये बघा, दादा!" यमू लांबून सुचवत राहिली. "टिव टिव! सेटिंग्जमध्ये बघा!"

आणि दणकोजी बघत राहिले. नियमाचे पक्के होते ते. आदेशाशिवाय पाय टाकणार नव्हते आणि शोध सोडून घरीही जाणार नव्हते. चॅट साफ झाल्यावर त्यांनी दरबाराला विचारलं. दरबाराने कळवलं, 'आदेश पूर्वीच पाठवला आहे, आपल्या मोबाइलमध्ये पाहावा.' त्यांनी पाहिलं. झिपरीने सांगितलं, पावसाळ्यापर्यंत वाट बघा. तीही त्यांनी बघितली. इतके दिवस एका जागी बसून त्यांच्या पाठीवर गवत उगवलं.

दरम्यान महाराजांनी द्रुतगती मार्गाचं उद्घाटन करून टाकलं. रस्ता नसला की उद्घाटन फार छान होतं, धूळ उडत नाही. फीत कापल्याचा फोटो सगळ्यांना पाठवला गेला. सगळ्यांनी तो डाउनलोड केला. कुणालाच तो पुन्हा सापडला नाही. पण टिंग तर सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे रस्ता झाला याबद्दल जंगलात कुणाच्या मनात शंका उरली नाही. महाराज अजूनही खड्यांवरून लंगडत जातात आणि वेळ वाचला म्हणतात.

आणि अंडी? एका सकाळी ती फुटली. टिटवीची पिल्लं बाहेर येताच धावू लागतात. ही चारही धावली ती थेट दणकोजींच्या सावलीत. इतकी मोठी सावली माळावर कधी नव्हती.

"अगं, आता तरी दाखव त्यांना तो आदेश कुठे सापडतो ते," दाजीबा पाय मोकळे करत म्हणाला. "बिचारे किती शोधतात. वाईट वाटतं."

"मलाही वाटतं," यमू म्हणाली. "पण मला पुढच्या वर्षी परत अंडी घालायचीत, अहो."

तेवढ्यात दणकोजींनी मोबाइलमधून मान वर केली. "सापडला का हो बाई तुमचा?"

यमू उडाली. माळाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. आणि तिथून अगदी प्रेमाने ओरडली, "टिव टिव! इकडे बघा दादा, इकडे!"

तात्पर्य : मुलांनो, प्रयत्नांती परमेश्वर सापडतो, डाउनलोड केलेली फाइल सापडत नाही. आणि सापडलीच, तर आधी शेवटपर्यंत वाचा आणि मग नीट हरवा.