दामलेकाकांचं रिकामं स्टेडियम

दामलेकाकांचं स्टेडियम मी लग्नकार्याला देऊन टाकलं.

स्टेडियम अर्थात सरकारचं. पण बँकेने माझी कोलकात्याला बदली केल्यापासून मी ते शेजारच्या दामलेकाकांचंच समजत होतो. आमच्या इमारतीसमोरच ते आहे. कुठल्याशा मोठ्या स्पर्धेसाठी बांधलं, स्पर्धा झाली, पाहुणे गेले, फाटकाला कुलूप लागलं. वर्षाला चार-दोन सामने, बाकी कबुतरं. काका रोज सकाळी जाऊन ते कुलूप हलवून बघत. "बांधताना हजार डोकी, वापरताना एक कुलूप," हे त्यांचं पालुपद.

काकांचा जन्म इथल्याच बागबाजारचा. मराठी अगदी पुणेरी, पण तापले की बंगाली फुटे. "शुनुन मोशाय, ऐका जरा," ते मला ऐकवत, "आपल्या पूर्वजांना, मराठ्यांच्या स्वाऱ्यांना घाबरून या शहराने खंदक खणला. भीती सरल्यावर बुजवून रस्ता केला. खंदकाचा रस्ता होतो, मग स्टेडियमचं काहीच होऊ नये?"

मागणी मात्र एवढीशी. प्रेक्षकांच्या गॅलऱ्यांखालून गोल फिरणारी आतली वाट रोज सकाळी दोन तास शेजाऱ्यांना चालायला उघडी ठेवा. अर्जांवर अर्ज गेले आणि एकदाचे एक साहेब पाहणीला आले. नेमका काकांचा घसा बसलेला, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं.

दोन तास चालणं मला फारच किरकोळ वाटलं. एवढी मोठी जागा आणि मागायचं काय, तर फेरफटका! मी साहेबांना लग्नं सुचवली, प्रदर्शनं सुचवली, पुस्तकांची जत्रा सुचवली. काका मागून माझा शर्ट ओढत होते. मला वाटलं, शाबासकी देताहेत. साहेबांनी सगळं टिपून घेतलं.

थोड्याच दिवसांत फाटक उघडलं. आतल्या वाटेवर मांडववाल्याने खुर्च्यांच्या थप्प्या रचल्या, छातीइतक्या, थेट वाटेकडेच्या कठड्याला लावून.

काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी एका सकाळी माफी मागायला गेलो, तर घराला कुलूप. समोर फाटक उघडं दिसलं, म्हणून आत शिरलो.

काकू चालत होत्या. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना मी फक्त खिडकीतल्या खुर्चीत पाहिलं होतं. एक पाय ओढत, कठड्यावर हात सरकवत त्या येत होत्या. थप्पी आडवी आली की कठडा हाताला लागेना. तिथे काका आधीच खांदा पुढे करून उभे.

"अर्जात हे लिहायचं होतं ना," मी म्हणालो.

"घरचं दुखणं सरकारला कशाला?" काका म्हणाले. "सगळं शहर धुंडाळलं. फुटपाथ तुम्ही बघताच. पूर्ण फेरीभर सलग कठडा फक्त इथे." मग काकूंकडे बघत, "त्या स्पर्धेला आम्ही आलो होतो. ही याच वाटेने तुरुतुरु पुढे, आणि मी मागून ओरडतोय, अगं हळू चाल. तेवढं एकदा परत ओरडायचंय मला."

मी लगेच नव्या अर्जाचं सुरू केलं. साहेबांना पुन्हा भेटतो, त्यांना नीट समजावून सांगतो...

काकू थप्पीपाशी थांबल्या. दम खाल्ला.

"देशपांडे, तुम्ही बोललात की काय होतं ते बघितलं आम्ही. तोंड मिटा आणि त्या खुर्च्या उचला."