प्रधानाचं विमान आणि तीस पावलं

प्रधानाच्या घरी दिवाणावर विमान निजतं आणि पाहुणे खाली चटईवर बसतात. ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्याच्याकडे पाहुणे कमीच.

विमान पुरुषभर लांब. पोटात खरं जेट इंजिन, घासलेट पिऊन किंचाळणारं. रिमोटवर उडतं. म्हणजे उडणार होतं, पण अडलं होतं एका काड्यापेटीएवढ्या डबीपाशी. तिला रिसिव्हर म्हणतात. खालून रिमोटने जे सांगू ते वर विमानात ही ऐकते. ही डबी निवडायला प्रधानाने जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात लोक पोरीचं लग्न लावून नातवाचं बारसं उरकतात.

मी चौथीपर्यंत शिकलेलो, डोंबिवलीच्या कारखान्यात प्रेस मशीन चालवलेला माणूस. मी म्हटलं, "अरे, डबी आहे, लाव आणि मोकळा हो."

"शंकर, ओरडायला काय, कुणीही ओरडतं. ऐकणारा पक्का पाहिजे."

रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म काढला की माणूस असाच होतो. एका तारेवर त्याचा विश्वास नाही. एक रिसिव्हर मेला तर दुसरा तयार हवा, दोघांना दोन बॅटऱ्या हव्यात, अँटेना एक उभी, एक आडवी. लोक शोकेसमध्ये गणपती ठेवतात, याने तिथे तीन कंपन्यांचे रिसिव्हर मांडलेले. बायकोला बांगड्या घालून हॉलमध्ये यायला बंदी, का तर धातू आडवा येतो. मिक्सर लावायचा तर आधी विचारायचं. वहिनी मला म्हणायच्या, "भावजी, यापेक्षा सवत परवडली असती. तिने निदान चटणी वाटू दिली असती."

माणसंही तो याच मापाने मोजायचा. सेक्रेटरी मीटिंगमध्ये भडकला की हा माझ्या कानात, "याचं फेलसेफ सेट नाही." फेलसेफ म्हणजे सिग्नल तुटला तर विमानाने काय करायचं, ते आधीच शिकवून ठेवायचं. इंजिन बंद, गुपचूप खाली. न शिकवलेलं विमान शेवटचा हुकूम धरून सुसाट जातं आणि कशावर तरी आदळतं. सेक्रेटरी तसाच. पाण्याच्या टाकीवरून सुटायचा आणि पार्किंगवर आदळायचा.

माघात आमची पारू, माझी बायको, गेली. तेरावं झालं आणि मी दार लावून घेतलं. आंघोळ कशाला, भाकरी कुणासाठी, असं झालेलं. नातेवाईक आले, "धीर धरा" म्हणाले, चहा पिऊन गेले. पुन्हा आले तेव्हा मी दार उघडलं नाही.

प्रधान धीर द्यायला आलाच नाही. दारावर बुक्के मारून ओरडला, "शंकर, शेपटी धर! विमान गच्चीवर न्यायचंय. हिची कंबर धरलीय."

"मी मेलो असं समज."

"समजलो. आधी शेपटी धर."

मग रोज संध्याकाळी पाच वाजता तेच. पुढचं टोक त्याचं, शेपटी माझी. गच्चीवर विमान ठेवायचं, त्याजवळ मी बसायचं. रिमोटचा जोर मुद्दाम कमी करून हा तीस पावलं लांब जाणार आणि तिथून ओरडणार, "येतंय का?" एवढ्या कमी जोरावर इथे ऐकलं तर वर आभाळातही ऐकणार, हा त्याचा हिशेब. शेपटी हलली की मी ओरडायचं, "येतंय!"

"भरवसा नाही वाटत. उद्या परत बघू."

खाली आलो की वहिनी उसळ-पोळी पुढ्यात ठेवायच्या. एकदा प्रधान म्हणाला, "शंकर, दाढी कर. खुंटांत सिग्नल अडकतो." मी गाढव, केली दाढी. सोसायटीला फुकटचा तमाशा. सेक्रेटरी म्हणायचा, जिन्याने उडणारं विमान अख्ख्या ठाण्या-कल्याणात हे एकच.

असे महिने गेले. मी रोज त्याला शिव्या घातल्या आणि रोज पाचला चपला घातल्या.

परवा शेपटी धरली तर हात काळा झाला. वास घेतला. शिकलो नसेन, पण जळलेलं घासलेट मला कळतं. वाकून बघितलं तर चाकाला लाल मातीही लागलेली. आमच्या गच्चीवर कुठली लाल माती? प्रधान आत टोपी शोधत होता. मी वहिनींना विचारलं, "हे उडालंय का?"

त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "पाडव्यालाच उडालं, भावजी. शीळफाट्यापलीकडच्या माळावर. दर रविवारी सकाळी तिथली विमानं उडवणारी मंडळी गाडीतून घेऊन जातात, तुमचं दार बंद असतं तेव्हा. रिसिव्हर यांनी केव्हाच ठरवला."

"आणि हे रोजचं?"

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि हात किणकिणले. तेव्हा माझं लक्ष गेलं. बाई भर हॉलमध्ये उभ्या, दोन्ही हातांत बांगड्या.

"तुम्हाला सांगू नको म्हणालेत," एवढंच त्या बोलल्या.

प्रधान टोपी घालून बाहेर आला. माझा काळा हात बघितला, चटकन नजर वळवली आणि दुसरंच बोलला. "शंकर, मी नवीन रिसिव्हर मागवतोय. याचा काही भरवसा नाही."

"नाहीच," मी म्हटलं. "उचल."

गच्चीवर तो तीस पावलं गेला. आता त्याचे गुडघे दुखतात, पण मोजून तीस गेला. वळला.

"शंकर, येतंय का?"

शेपटीकडे मी बघितलंच नाही.

"येतंय रे," मी ओरडलो. "नीट येतंय."