अकरा काटे आणि एक साखरपुडा

यंत्र बंद पडल्याने माणसाचं जेवढं नुकसान होतं, त्याहून अधिक ते का चालू आहे हे न कळल्याने होतं. ही गोष्ट अंबरनाथ पूर्वेत सर्वप्रथम ज्यांच्या ध्यानात आली, ते आमचे शेजारी देवदत्तराव. एका रंगाच्या कारखान्यात ते क्वालिटीचे अधिकारी आहेत. डबा घाईत मागेच राहिला तर चालेल, पण नोंदवही घेतल्याशिवाय ते जिना उतरत नाहीत.

त्यांच्याकडे अकरा वर्षं जुनी छोटी लाल गाडी आहे. या अकरा वर्षांत ती फक्त एकदा बंद पडली, गेल्या मे महिन्यात, बदलापूरहून येताना. बॉनेटमधून वाफ आली, आम्ही पाणी ओतलं आणि घरी आलो. मी विसरलो. देवदत्तराव विसरले नाहीत.

"बाळ," ते मला म्हणाले, "डॅशबोर्डवर एक लाल दिवा आहे. तो लागला म्हणजे इंजिन गेलं. अरे, हे म्हणजे तेराव्याला डॉक्टर बोलावल्यासारखं झालं!"

दुसऱ्याच रविवारी आम्ही उल्हासनगरला गेलो. तिथे कैलास नावाचा एक वायरमन गाड्यांना जादा मीटर बसवून देतो. त्याने पाण्याच्या तापमानाचं मीटर दाखवलं. त्यावर 'मेड इन जापान' छापलेलं होतं आणि जपानच्या स्पेलिंगात एक अक्षर जास्त होतं (बहुधा निर्यातीसाठी).

"साहेब, एक मीटर अकेला अच्छा नहीं दिखता," कैलास म्हणाला. "जोडी लावा. पाणी आणि तेलाचा दाब."

माणूस विचारी होता. जोडी लागली. पण पाणी आणि तेल कळल्यावर बॅटरीचं काय, हा प्रश्न कोणत्याही सुजाण नागरिकाला पडणारच. बॅटरीनंतर व्हॅक्युम, मग तेलाचंही तापमान, मग इंजिनाचे फेरे. जून संपेपर्यंत गाडीत अकरा मीटरं झाली. त्यातलं एक बाहेरच्या हवेचं तापमान दाखवत असे (काच खाली करूनही ते कळतं, पण आकडा कळत नाही). मीटरांसाठी पुढचा खण गेला, गणपतीची मूर्ती मागच्या काचेपाशी सरकली, आणि समोरच्या काचेचा डावा कोपरा कायमचा झाकला गेला. त्या कोपऱ्यातून फार काही येत नाही, असं देवदत्तरावांचं निरीक्षण होतं. रिक्षा सोडल्या, तर ते खरंही होतं.

एवढे काटे एकट्याने वाचणं शक्य नव्हतं. म्हणून उमावहिनींची निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. त्या शेजारच्या सीटवर चष्मा लावून बसत आणि दर दोन मिनिटांनी मोठ्याने वाचत, "पाणी ब्याऐंशी. तेल तीन. बॅटरी तेरा पूर्णांक आठ. अहो, सिग्नल लाल."

"तो आपल्या यादीत नाही," देवदत्तराव म्हणत.

या व्यवस्थेचा लाभ आकड्यांतच सांगणं योग्य. मीटरं बसल्यावर चार महिन्यांत गाडी एकदाही बंद पडली नाही. ती एकेचाळीस वेळा बंद केली गेली. सतरा वेळा तेलामुळे, अकरा वेळा पाण्यामुळे, सहा वेळा बॅटरीमुळे, चार वेळा काट्याचाच संशय आल्यामुळे, आणि तीन वेळा सगळे काटे जागच्या जागी आहेत हे पाहून काहीतरी नक्की गडबड आहे असं वाटल्यामुळे.

अशा वातावरणात त्यांच्या मुलीचा, प्राचीचा, साखरपुडा ठरला. मुलगा बदलापूरचा, अभिजीत. हॉल कात्रपला. मुहूर्त अकरा वीसचा. अंबरनाथहून बदलापूर म्हणजे गाडीने जेमतेम अर्धा तास. देवदत्तरावांनी आम्हाला साडेआठलाच गाडीत बसवलं. मागे प्राची पैठणीत, तिच्या शेजारी मी, माझ्या मांडीवर साखरेचा पुडा, नारळ आणि अंगठीची डबी. उमावहिनी शालूवर चष्मा लावून कामावर हजर.

तीन वेळा थांबत थांबत आम्ही दहाच्या सुमारास चिखलोलीपर्यंत आलो. तिथे वहिनी म्हणाल्या, "तेल दीड."

गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"बाबा, गाडी चालत होती," प्राची म्हणाली.

"चालत होती, हाच तर प्रॉब्लेम आहे. दाब नसताना चालत होती."

साडेदहा वाजले. काटा दीडवर. पावणेअकरा वाजले. वहिनींनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

"अहो, मुलीचा साखरपुडा आहे. रिक्षाने चला."

"आणि गाडी अशीच सोडू? तुम्ही पुढे व्हा. दाब आला की आलोच मी."

वहिनींनी हात केला, रिक्षा थांबली, आम्ही तिघं बसलो. त्या रिक्षात एकच मीटर होतं आणि त्यावर फडकं बांधलेलं होतं. सव्वा अकराला आम्ही हॉलच्या दारात होतो. वाटेत वहिनींनी पदराने दोनदा डोळे पुसले. प्राचीने त्यांचा हात धरून ठेवला होता.

हॉलमध्ये अभिजीतचे वडील, विष्णुपंत, पुढे आले. "देवदत्तराव कुठे आहेत?"

"चिखलोलीला थांबलेत," वहिनी म्हणाल्या. "प्रेशर पडलंय."

पुढच्या अर्ध्या मिनिटात काय झालं, ते सांगायला कठीण आहे. कोणीतरी मीठ-साखरेचं पाणी करायला धावलं. गुरुजींनी पंचांग मिटून विचारलं, "गोळी चालू होती का?" मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात विष्णुपंत स्कूटर काढून निघालेसुद्धा. जाताना म्हणाले, "मुहूर्त चुकवू नका. मी त्यांना घेऊन येतो."

विष्णुपंतांनी तीस वर्षं एका गिरणीत बॉयलर सांभाळला होता. याची कल्पना मला तेव्हा असती, तर मी त्यांची स्कूटर अडवली असती.

पुढची हकीकत त्यांनीच मला नंतर सांगितली. गाडीचं दार उघडून ते म्हणाले, "कसं वाटतंय? झोपता का जरा?" आणि मग त्यांची नजर अकरा काट्यांवर गेली. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत घरात त्यांना एकही काटा कोणी वाचू दिला नव्हता. ते सावकाश शेजारच्या सीटवर बसले.

"तेल दीड? उभ्या इंजिनाला?"

"सकाळी तीन होतं," देवदत्तराव म्हणाले.

"मग घाई करू नका. दर पाच मिनिटांनी रीडिंग घेऊ. वही आहे?"

वही होती.

इकडे अकरा वीस झाले. दोन्हीकडच्या वडिलांनी एकमेकांना कुंकू लावून नारळ द्यायचा आणि गळाभेट घ्यायची, असा विधी होता. वडील दोन्हीकडचे नव्हते. प्राचीने फोन लावला. "बाबा, या ना."

"येतो, बाळा. फक्त रीडिंग पुरं होऊ दे."

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "बाळकाका, तुम्ही बसा." शेवटी मुलीकडून मी बसलो आणि मुलाकडून त्यांच्या खालच्या मजल्यावरचे धर्मराज नावाचे गृहस्थ बसले. आम्ही एकमेकांना आयुष्यात प्रथमच पाहत होतो. आम्ही नारळ दिले, गळ्यात गळे घातले आणि दोघेही मनापासून रडलो. फोटो उत्तम आले.

साडेबाराला बावीस नातेवाईक मीठ-साखरेच्या पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन चिखलोलीला पोचले. गाडीची चारही दारं उघडी होती. दोन व्याही आत बसून एकमेकांना आकडे सांगत होते. दोघांचे चेहरे इतके समाधानी होते की रागवायचं कोणाला सुचलं नाही. आणलेलं पाणी विष्णुपंतांनी पिऊन टाकलं.

कैलासला बोलावणं धाडलं होतं. तो उल्हासनगरहून आला, डॅशबोर्डखाली आडवा झाला आणि दोन मिनिटांत बाहेर आला.

"साहेब, इंजिन एकदम फर्स्ट क्लास. हे मीटर तेलाचं नाहीच."

"नाहीच म्हणजे?"

"तेलाच्या जागेवर फिटिंग बसत नव्हती. मग गाडीतल्या हवेच्या पंख्याच्या वायरवर दिलं. पंखा जोरात तर काटा तीनवर, पंखा हळू तर दीडवर." तो जरा दुखावला होता. "तुम्हीच बोलला होता ना, काटा हलला पाहिजे?"

शालूचा पदर उडू नये म्हणून वहिनींनी चिखलोली यायच्या जरा आधीच पंखा एकवर केला होता.

देवदत्तरावांनी ते मीटर काढलं नाही. पंखा किती जोरात आहे हेही कळायला हवंच, असं त्यांचं म्हणणं पडलं. विष्णुपंतांनी त्याला लेखी दुजोरा दिला आणि आपल्या स्कूटरला चार मीटरं बसवली.

पंधरा दिवसांनी अल्बम आला. देवदत्तरावांनी तो आमच्याकडेच उघडला. माझ्या आणि धर्मराजांच्या गळाभेटीच्या फोटोपाशी ते बराच वेळ थांबले. "प्राची कोणाकडे बघतेय यात?"

"दाराकडे," मी म्हणालो.

त्यांनी अल्बम मिटला, खाली गेले आणि गाडीत जाऊन बसले. गाडी सुरू केली नाही. अल्बम उघडला त्या तारखेचं वहीतलं पान कोरं आहे.

आपण देवदत्तरावांना हसलात, ते योग्यच आहे. शहाण्या माणसाने आकड्यांच्या इतकं आहारी जाऊ नये. फक्त एक नोंद करून ठेवतो. हे वाचताना आता किती उरलंय हे पाहायला आपण दोनदा खाली नजर टाकलीत, आणि एकदा घड्याळाकडे पाहिलंत. उरलेलं काही नाही. पण घरातलं कोणीतरी मघापासून आपल्याला हाक मारतंय.