तीनच्या खेळाचा शेवट

बिराजदार काका दर शुक्रवारी तीनच्या खेळाला जायचे आणि एकाही पिक्चरचा शेवट त्यांनी पाहिलेला नव्हता. हिरो शेवटच्या मारामारीसाठी बाह्या सरसावायला लागला की काका खुर्चीतून उठायचे. असं ते स्वतःच सांगायचे. मग सातच्या सुमाराला माझ्या मेसमध्ये येऊन दाराजवळच्या बाकावर बसायचे आणि विचारायचे, "ताई, पुढं काय झालं असंल ओ?"

माझी मेस लातुरात ट्यूशन क्लासेसच्या मागच्या गल्लीत आहे. जेवायला सगळ्या बाहेरगावच्या मुली. हदगावची, मुरुडची, उदगीरची, डॉक्टर व्हायला आलेल्या. मी यादी करणारी बाई आहे. दळण कधी, गॅस कधी, कुणाला लसूण चालत नाही, कुणाची चाचणी परीक्षा रविवारी आहे, हे सगळं जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहून भिंतीला टांगलेलं असतं. यादीत नाही ती गोष्ट माझ्या हातून होत नाही. यादीत काका बरीच वर्षं एवढेच होते: "शुक्र. संध्या. पिठलं, भाकरी दोन, तळलेली मिरची."

काका एका सरकारी कचेरीत कारकून होते. रिटायर झाल्यावरही कचेरीत निघाल्यासारखेच कपडे असत. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पँटच्या पायाला सायकलची क्लिप. वरच्या खिशात शेंगदाण्यांची पुडी. पिक्चर कुठला याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. शुक्रवारी टॉकीजला जे लागलं असेल ते बघायचे. मतं मात्र पक्की.

मारामारीच्या पिक्चरबद्दल त्यांची एकच मुख्य तक्रार होती. धूळ.

"दीड विटेची भिंत व्हती, ताई. ह्यो गाडीसकट आरपार गेला. बरं गेला तर गेला. पण धूळ कुठाय? भिंत पडल्यावर धूळ किती येळ बसत न्हाई ठाव हाय का? अन् ह्येच्या शर्टाची इस्त्री मोडली न्हाई!"

दुसरी तक्रार जेवणाची.

"खलनायकाकडं साठ माणसं. बंदुका घिऊन सारखी उभीच. ह्यांचा सैपाक कोण करतंय? एक बाई दाखवली न्हाई, एक चूल दाखवली न्हाई."

हे मला पटलं. साठ माणसं, माणशी चार पोळ्या, दोन वेळा. दोन बाया तर पोळ्यांनाच लागतील. पिक्चर काढणाऱ्यांना मेस चालवून बघायला हवी.

रडक्या पिक्चरचा त्यांचा अभ्यास वेगळाच होता. डॉक्टर बाहेर येऊन चष्मा काढायला लागला तर माणूस गेला, चष्मा तसाच ठेवला तर वाचला. पहिल्या अर्ध्या तासात घरचे सगळे मिळून गाणं म्हणाले तर इंटरव्हलपर्यंत त्यांची ताटातूट नक्की. "म्हणून सांगतो पोरींनो, घरात एकत्र गाणं म्हणू नगा." आणि आईला खोकला लागला की काका खिशातले शेंगदाणे घाईघाईनं संपवून टाकत. "पुढं खाता येत न्हाई," एवढंच कारण सांगत.

मुलींनी त्यांना क्लासचं निगेटिव्ह मार्किंग शिकवलं आणि काका फारच खूश झाले. भिंत पडून धूळ नाही, वजा एक. गोळी लागलेला माणूस लांबलचक बोलला, वजा एक. एकदा एका पिक्चरला उणे सात मार्क पडले.

"मग आवडला नाही का, काका?" मुरुडच्या शीतलनं विचारलं.

"लई आवडला. पण नापास हाय."

आता शेवटाचं.

आमच्याकडे एखाद्याची सवय विचित्र वाटली की लोक आधी त्याचं गाव विचारतात. गाव औसा-निलंग्याकडचं निघालं की पुढचं विचारत नाहीत. भूकंपानंतर कुणी वर्षानुवर्षं अंगणात झोपलं, कुणी घरात फळीवर जड भांडं ठेवलं नाही, कुणी न्हाणीघराला कडीच लावली नाही. काकांचं गाव तिकडचं होतं. नोकरीसाठी ते लातुरात खोली करून राहत आणि सुट्टीला गावी जात. भूकंपाच्या आठवड्यात कामामुळे ते इथंच राहिले होते. गावी बायको होती आणि सहावीतली मुलगी. हे मला त्यांच्या कचेरीतल्या एका बाईनं सांगितलं होतं. काकांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते शेवटच्या गर्दीआधीच टॉकीजमधून निघतात ते दाराशी चेंगराचेंगरी नको म्हणून, असं मी धरून चालले.

पहिल्यांदा त्यांनी शेवट विचारला त्या दिवशी गॅस संपलेला, कणीक सैल झालेली आणि सतरा मुली एकदम जेवायला बसलेल्या. काका भाकरीला हात लावेनात.

"त्यो धाकटा भाऊ गोडाऊनमधी बांधलेला. आई तिकडं दवाखान्यात. थोरला निघाला गाडीवर. अन् मी उठलो. पुढं काय झालं असंल?"

भाकरी गार होत होती. मी तो पिक्चर पाहिला नव्हता. मी कुठलाच पाहत नाही, वेळ नसतो. पण ताट रिकामं व्हायला हवं होतं. म्हणून मी म्हटलं, "काय होणार? थोरला धाकट्याला सोडवतो. आई बरी होते. सगळे घरी येतात आणि जेवायला बसतात."

काकांनी मान वर केली. "सगळे?"

"सगळे."

"असं व्हय," ते म्हणाले आणि जेवायला लागले.

पुढच्या शुक्रवारी परत तेच. मग मी ते रीतसर करायचं ठरवलं. यादीत काकांच्या पिठल्याखाली एक ओळ वाढवली, "शेवट". वहीच्या मागच्या पानावर पाच-सहा शेवट लिहून ठेवले आणि आलटून पालटून वापरायला लागले, म्हणजे तोच तो होऊ नये. एकात वडिलांचा राग जातो. एकात पोलीस वेळेवर येतात. एकात हरवलेली बहीण एसटीतून उतरते. पण मला कल्पनाशक्ती बेताचीच, आणि डोक्यात सदा स्वयंपाक. त्यामुळे कुठूनही सुरुवात केली तरी माझा शेवट दारापाशी यायचा, आई दार उघडायची, ताटं मांडली जायची.

काका फार लक्ष देऊन ऐकत. मध्येच एखादी शंका. "थोरल्याच्या पायाला गोळी लागली व्हती. त्यो कसा आला?"

"लंगडत."

"हाव. लंगडत येईल की. बरोबर हाय."

एकदा मात्र माझी चांगलीच फजिती झाली. एक पिक्चर आला आणि गावभर गाजला. मुलीसुद्धा क्लासला न सांगता जाऊन, डोळे सुजवून आल्या. काकांनी विचारलं तेव्हा मी दूध उतू जाऊ नये म्हणून उभी होते. वहीतला चार नंबरचा शेवट सांगून टाकला. हिरो घरी येतो, बायको पाणी आणून देते.

काका म्हणाले, "बरं झालं बाई."

ते गेल्यावर शीतल माझ्याकडे बघतच राहिली. "मावशी! तो मरतो! त्याच्यावरच तर सगळं आहे! अख्खं लातूर रडलंय!"

"काकांना कुणी सांगायचं नाही," मी दम दिला. पण मनात धाकधूक राहिली. कुणीतरी पानाच्या टपरीवर बोलणार आणि माझी लबाडी उघडी पडणार. पुढच्या शुक्रवारी काका आले, बसले आणि नवीन पिक्चरबद्दल विचारायला लागले. वाटलं, सुटले.

अशी वर्षं गेली. क्लासेस वाढले. दुकानांच्या वर क्लास, लॉनच्या मांडवात क्लास. शेवटी ती टॉकीजच विकली गेली आणि तिथंही क्लास आला. पडदा काढून फळा लावला. तिरक्या उतारावर बाक बसवले. आमच्या मुली बाल्कनीत बसून जीवशास्त्र शिकायला लागल्या.

टॉकीजच्या दारावर जन्मभर तिकिटं फाडणारे रहीमभाई त्याच इमारतीत शिपाई झाले. ते एके दिवशी नवीन पोरींची नावं द्यायला मेसमध्ये आले. मी चहा दिला आणि म्हटलं, "आमच्या काकांची पंचाईत झाली, भाई. आता शेवट अर्धवट सोडायला पिक्चरच नाही."

रहीमभाईंनी कप खाली ठेवला. "अर्धवट? बिराजदारसाब? पूरा देखते थे वो, ताई."

"छे. ते आधीच उठायचे."

"उठायचे. पर जायचे नाहीत. दरवाजे में खडे रहते. मी त्यांच्यासाठी दार अर्धं उघडं ठेवायचो. असं एका हातानं चौकट धरून शेवटपर्यंत बघायचे. पब्लिक बाहेर पडलं, झाडूवाला आत आला, की मग निघायचे. भूकंपानंतर पहिल्यांदा आले तव्हापासून."

मी भांडी पुसत होते. पुसलेलंच पातेलं पुन्हा पुसत राहिले.

"मग मला कशाला विचारायचे?"

"मैंने भी पूछा था," रहीमभाई म्हणाले. "म्हटलं साब, सगळा पाहिला, आता घरी जायचं सोडून मेसकडं काय? तर म्हणाले, भाई, हिथला बघितला. तिथला शेवट येगळा असतो, त्यो जेवताना ऐकायचा."

म्हणजे मी ज्याला मारलंच नाही तो हिरो मेलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. गोडाऊनमधला धाकटा भाऊ सुटला की नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. वहीतला प्रत्येक शेवट खोटा आहे हे माहीत असून त्यांनी शंका विचारल्या होत्या, लंगडत येणाऱ्याची खात्री करून घेतली होती. आणि मला वाटत होतं, मी त्यांना फसवतेय.

टॉकीज बंद झाल्यावरही काका शुक्रवारी येत, काही न विचारता जेवून जात; त्या शुक्रवारी मात्र आले नाहीत. पुढच्याही नाही. मी दोन्ही वेळा पिठलं केलं, कारण यादीत होतं. तिसऱ्या गुरुवारी मी चपला घातल्या आणि त्यांच्या खोलीवर गेले. खोली एकाच दाराची, दार सताड उघडं. खाट चौकटीला चिकटवून मांडलेली. काका त्यावर बसून रेडिओचे सेल उन्हाला ठेवत होते.

मला बघून गडबडून उठले. "या की, ताई. तुमी कशाला आलात?"

"जेवायला का येत नाही?"

"आता काय सांगू ओ. हितं पिक्चर न्हाई. त्या मॉलमधी गेलतो एकदा. तिथलं दार आपोआप लागतं, धरून ठिवता येत न्हाई. निघून आलो." मग जरा थांबून म्हणाले, "अन् पिक्चर न्हाई बघितला, तर तुमच्याकडं येऊन इचारू काय?"

मी रहीमभाईंचं नाव काढलं नाही. "उद्या सातला या. पिठलं यादीत आहे. यादीतलं मी रद्द करत नाही."

शुक्रवारी आले. थंडीचे दिवस होते. मी तेलाचा डबा लावून त्यांच्या बाकाजवळचं दार अर्धं उघडं ठेवलं होतं.

"मावशी, गार वारं येतंय," एक नवी मुलगी म्हणाली.

"स्वेटर घाल."

काकांपुढे ताट ठेवलं. ते खाली बघून भाकरीचा पापुद्रा काढत बसले. विचारायला काही नव्हतं. मुली जेवून उठल्या तेव्हा मी, जी कधी कुणासमोर बसत नाही, ती समोरच्या बाकावर बसले.

"काका, एक पिक्चर आहे. शेवट तेवढा मला माहीत नाही."

"तुमी बघितला?" त्यांना खरंच नवल वाटलं.

"थोडाफार. एक मेसवाली बाई असते. तिच्याकडे एक माणूस दर शुक्रवारी जेवायला येतो."

"मारामारी हाय का?"

"गॅसवाल्याशी."

"धूळ?"

"पिठाची. भरपूर."

"मग पास हाय," काका म्हणाले. हसले नाहीत. भाकरीचा तुकडा तसाच हातात. "पुढं?"

"तो माणूस तिला शेवट विचारतो. ती सांगते, सगळे घरी येतात. दर वेळी तेच सांगते. त्याला माहीत असतं तसं झालेलं नाही. पण तो काही बोलत नाही."

बाहेरून सायकलवर दोन मुली जोरजोरात काहीतरी पाठ करत गेल्या. काकांनी डावा हात लांब करून दाराच्या चौकटीवर ठेवला. मी तो हात आजवर शेकडो वेळा तिथं पाहिला होता. टेकायला ठेवतात, असं मला वाटायचं.

"मग शेवट काय होतो, काका?"

"सगळे न्हाई येत, ताई," ते म्हणाले. "दोघी मागं राहत्यात. एक आठ फुटावर घावली, दारापसून. दुसरी आतल्या खोलीत."

मी त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.

"बाकीचे?" मी विचारलं.

"बाकीचे..." काकांनी चौकटीवरचा हात काढला, तुकडा पिठल्यात बुडवला आणि ताट थोडं पुढं सरकवलं. "बाकीचा एकच हाय. त्यो जेवायला बसतो. मिरची वाढा."

मिरच्या संपल्या होत्या. मी उठले, कढई ठेवली आणि नवीन तळायला घेतल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे ज्योत सारखी हलत होती. मी आडोशाला ताट धरून उभी राहिले.